मागच्या पडवीचं दार आणि मोडायला निघालेलं खातं

सर, रत्नागिरीच्या घरात मागच्या पडवीतून आंगणात उघडणारं आठ बाय सात फुटांचं दार बसवायचं, म्हणून तुम्ही तीन भाव मागवलेत. घडीचं अॅल्युमिनियम दार १,९०० रुपये चौरस फूट, यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, सरकतं ९००, आणि सुताराचं सागवानी दोन पल्ल्यांचं, काचेसकट १,०५,००० रुपये. मन घडीच्या दारावर बसलंय आणि त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं पाच लाखांचं खातं मोडायचा विचार आहे.

आधी खात्याचं बघू. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, बंद करायचं तर पूर्णच. खातं उघडून तुम्हाला चौदा महिने झालेत. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलाचे दीड टक्का कापतात, म्हणजे ७,५०० रुपये. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १०,२५० रुपये थांबतील. सव्वा लाखाच्या दारासाठी पाच लाख हलवायचे, हे मला पटत नाही.

हो, सव्वा लाखच. ५६ चौरस फुटांचे १,०६,४०० होतात, पण भाव जीएसटीशिवायचा आहे. १८ टक्के धरले की १,२५,५५२. सरकत्या दाराचे तसेच धरून ५९,४७२.

घडीचं दार जवळजवळ पूर्ण उघडतं, हे खरं. पण कोकणात जून ते सप्टेंबर ते बंदच राहणार. उरलेल्या दिवसांतही संध्याकाळी डास येतात, आणि त्याची जाळी वेगळी, पैसे वेगळे. बिजागऱ्या आणि रोलर जास्त, त्यात खारी हवा. बसवणारा कोल्हापूरचा, एक रोलर अडकला तर तो कधी येणार? सागवान देखणं, पण माझ्या मामांच्या गुहागरच्या घरात आषाढात ते दार फुगतं आणि मामी ते कमरेच्या धक्क्यानं उघडतात. शिवाय पॉलिश आणि वाळवीचा खर्च आहेच.

मी सरकतं घेईन. तीन ट्रॅकचं, दोन पल्ले काचेचे, एक जाळीचा. उघडून साधारण चार फूट वाट मिळते. आंब्याची पेटी आणि आरामखुर्ची दोन्ही जातात. काच टफनच, म्हणजे तापवून मजबूत केलेली हवी, आणि ती टफन झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप पक्की चौकट झाल्यावरच द्या. चौकटीच्या आत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी आहे ना, स्क्रू स्टेनलेसचे आहेत ना, खालच्या ट्रॅकला पाणी निघायला भोकं आहेत ना, हे कोटेशनवर लिहून घ्या. आगाऊ निम्म्याहून जास्त देऊ नका.

पैसे बचत खात्यातल्या दीड लाखातून द्या. तिथे नव्वद हजार राहतील. पुढच्या सहा तिमाह्यांचं व्याज, ६१,५०० रुपये, तिथेच साठू द्या, की खड्डा भरला. काम मात्र पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर काढा. भर पावसात भिंत फोडली तर वहिनी मला फोन करतील.