विहिरीतलं नायट्रेट, धरणातल्या पाणवेली

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या विहिरीचं पाणी तपासलं, नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅम निघालं. घरात हेच पाणी उकळून पितो. चालेल का? बागेच्या खतात काही बदल करावा का?

उत्तर : प्यायला चालणार नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यांचाही उपयोग नाही. आरओने कमी होतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याची दूधपावडर या पाण्यात आजपासूनच कालवू नका. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात.

अहवालही पुन्हा नीट वाचा. त्यात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असं लिहिलं असेल तर तो आकडा नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा असतो; नायट्रेट काढायला त्याला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे तुमचे ९० थेट ४०० च्या घरात जातात.

आता बागेचं. ९० मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र (नायट्रोजन) साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे १० लाख लिटर पाण्यात २० किलो. युरियात नत्र ४६ टक्के आणि गोणी ४५ किलोची. थोडक्यात, दर १० लाख लिटर पाण्यामागे जवळपास एक गोणी युरिया तुम्ही बागेला न मोजता देताय. पंप तासाला किती पाणी देतो आणि किती तास चालतो याचा हिशेब मांडा आणि तेवढं नत्र डोसातून वजा करा. ही वजाबाकी बहुतेक ठिकाणी होत नाही, याचं वाईट वाटतं. जादा नत्राने शेंडा जोरात पळतो, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा दाटतो, खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या) घडनिर्मितीला फटका बसतो आणि उरलेलं नत्र पुन्हा विहिरीत उतरतं.

ते उतरतं कसं, तेही पाहा. नायट्रेटवर ऋण भार असतो, काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भारच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जातं. ड्रिपमधून खत देताना आधी साधं पाणी, मग खत आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतं १०-१५ मिनिटं पुन्हा साधं पाणी. खतानंतर तास-दोन तास ड्रिप चालू राहिलं की खत मुळांच्या खाली गेलंच म्हणून समजा. आठवड्याचा डोस एकदम न सोडता दोन-तीन हप्त्यांत द्या. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचं देठ परीक्षण (देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत मोजणं) करून घ्या, पुढचा डोस त्यावर ठरवा. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीला खेटून असेल तर तो आधी हलवा. पाणी वर्षातून दोनदा तपासा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. नमुना घेण्याआधी पंप दहा मिनिटं चालू ठेवा, बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला पाणवेली काढल्या तरी पुन्हा का पसरतात?

उत्तर : वेल काढली तरी तिचं खाद्य पाण्यातच राहतं. गोदावरी-कादवा संगमावरचं हे धरण उथळ आणि गाळाने भरलेलं आहे. वरच्या बाजूच्या शहराचं सांडपाणी नेहमीच्या पद्धतीने शुद्ध केलं तरी त्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्याबरोबर पुढे येतं. ते काढायला प्रक्रियेचा वेगळा टप्पा लागतो. शेतातलं स्फुरद मातीला चिकटून पावसात वाहत येतं आणि गाळात बसतं. तळाशी प्राणवायू संपला की गाळातलं स्फुरद परत पाण्यात सुटतं. अनुकूल हवेत पाणवेली दोन आठवड्यांत दुप्पट होतात, आणि गाळातलं त्यांचं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं.

काढलेल्या वेलींचे ढीग काठावरच टाकणं ही सर्वांत मोठी चूक. ते कुजतात आणि पहिल्याच पावसात त्यांतलं खाद्य धरणात परत जातं. वेली पूररेषेच्या बाहेर नेऊन त्यांचं कंपोस्ट करायला हवं, तेही बी धरण्याआधी. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनी डीएपी हे स्फुरदाचं खत वर फेकू नये, मातीआड करावं आणि ओढ्यालगत काही मीटरचा गवताचा पट्टा न नांगरता सोडावा.