वाचक विचारतात: बारा गुंठ्यांची वाडी आणि हेक्टरचा हिशेब

प्रश्न: ताई, सासर माझं नागपूरचं, महाल भागात राहतो आम्ही, पण माहेर रायगडच्या किनाऱ्यावरचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा भावाची बारा गुंठ्यांची वाडी एका दुपारीत झोपली, दीडशेच्या वर पोफळी म्हणजे सुपारीची झाडं आणि सोळा माड, घराची कौलं उडाली ती वेगळीच. मदत म्हणून जे हातात आलं त्यात पडलेली झाडं तोडून उचलायची मजुरीपण निघाली नाही. त्यातही अर्धी मदत अडकली ती अडकलीच, कारण सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. इथे शेजारी म्हणतात, कोकणाला तर एवढं पॅकेज मिळालं ना! मग ते गेलं कुठे? आणि आता एवढ्या वर्षांनी काही करता येते का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना माझे वडील आठवले. काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती, गारपीट झाली की बांधावर उभं राहून तलाठ्याची वाट पाहायचो आम्ही, त्यामुळे पंचनामा म्हणजे काय हे मला सांगायला नको. पण आमच्या आणि तुमच्या भावाच्या दुखण्यात एक मोठा फरक आहे, तो इथल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

मदत मोजतात हेक्टरवर. आपत्तीच्या मदतीसाठी तेव्हा जे केंद्राचे निकष होते त्यात फळबागेला हेक्टरी 18,000 रुपये होते, तेपण 2 हेक्टरपर्यंत आणि नुकसान 33 टक्क्यांच्या वर असलं तरच. निसर्गनंतर राज्याने तो दर 50,000 केला, घर पूर्ण पडलं तर 95,100 चे दीड लाख केले, हे चांगलंच झालं आणि ते मान्य करायलाच पाहिजे. पण आता बारा गुंठ्यांचा हिशेब करा, हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. जुन्या दराने सुमारे 2,200 आणि वाढवलेल्या दराने 6,000 च्या आसपास! विदर्भात बाग हेक्टरात असते, कोकणात वाडी गुंठ्यात असते आणि त्या गुंठ्यातच पोफळ, माड, केळी, मिरवेल सगळं एकमेकांच्या सावलीत उभं असतं. पोफळ नवीन लावली की सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे भावाची सहा-सात वर्षांची कमाई गेली आणि कागदावर फक्त जमिनीचा तुकडा मोजला गेला. शेजाऱ्यांना हेच सांगा, पॅकेजचा आकडा पूर्ण जिल्ह्याचा असतो, वाडीपर्यंत येताना तो गुंठ्यांनी भागला जातो.

दुसरं, ते दिवस आठवा. कोरोनाचा लॉकडाऊन, विजेचे खांब आडवे, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि मदतीच्या अर्जाला पाहिजे काय तर आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, सातबारा. झेरॉक्सचं मशीन चालणार कशावर? भिजलेलं पासबुक दगडाखाली ठेवून उन्हात वाळवणाऱ्या माणसाकडे स्वच्छ प्रत मागायची, याचं मला आजही फार वाईट वाटते. वादळ येणार हे आधी कळलं होतं, लोकांना किनाऱ्यावरून हलवलं त्याने कितीतरी जीव वाचले, पण त्यानंतरच्या कागदांची तयारी कोणीच केली नव्हती.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. आधी वारस नोंद करून घ्या, बाकी सगळं नंतर. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज नागपुरातूनच टाकता येतो, आजोबांचा मृत्यू दाखला आणि वारसांची नावं लागतील, आणि त्यात तुमचं आणि बहिणींचं नाव सोडू नका, भावावर कितीही माया असली तरी. सातबारा सामाईक असला की मदत एकाच्या खात्यात टाकायला बाकीच्यांची संमती मागतात आणि अर्धे वारस मुंबईत असले की तो कागद कधी पूर्णच होत नाही, कोकणातल्या कितीतरी घरांची मदत इथेच अडकली. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांचा, पंचनाम्याची प्रत मागा, लाभार्थ्यांची यादी मागा आणि भावाच्या नावाची रक्कम मंजूर झाली की नाही, बँकेतून परत गेली काय, हे नेमकं विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. जुने पैसे मिळतीलच असं खोटं वचन मी देणार नाही, पण मंजूर होऊन परत गेले असतील तर मागायला तुमच्याकडे लेखी आधार असेल.

प्रश्न: माझा जावई मालवणकडे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात होडी फुटली, मालकाला थोडीफार मदत भेटली, याला काहीच नाही. असं कसं? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर: काका, निकषात होडी आहे, जाळं आहे, होडीवर राबणारा माणूस त्या रकान्यात नाही. होडी पूर्ण गेली तरी केंद्राचा दर तेव्हा 9,600 होता, जाळ्याला 2,600, राज्यं त्यात भर घालतात पण देतात मालकालाच. मे संपता संपता हंगामाचे शेवटचे दिवस बुडाले आणि 1 जूनपासून दोन महिने बंदी, म्हणजे खलाशाचं घर सलग उपाशी. सुकी मासळी विकणाऱ्या बायांचंही तेच, वाळत घातलेला माल वाहून गेला तर तो लिहायला फॉर्मवर जागाच नाही. पण तेव्हा लागू असलेल्या 2015 च्या निकषात ज्यांची रोजीरोटीच बुडाली अशा कुटुंबांना मोठ्या माणसामागे दिवसाला 60 रुपये द्यायची तरतूद होती, रक्कम तुटपुंजी असली तरी त्यासाठी होडी नावावर असावी लागत नव्हती. पुढच्या वेळी वादळ आलं की जावयाला सांगा, मालकाच्या होडीच्या पंचनाम्यात खलाशांची नावं लिहून घ्या म्हणावं, खाली सह्या घ्या आणि त्या कागदाचा तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढून तुम्हाला नागपूरला पाठवून ठेवा.