नाव पार्टीचं, गळा गायकाचा

प्रश्न : मास्तर, जय भीम. परतूर तालुक्यातल्या एका गायन पार्टीत मी मुख्य गायक होतो. जयंतीच्या सुपाऱ्यांच्या पैशावरून वाद झाला आणि मी बाहेर पडलो. ढोलकीवाला आणि दोन कोरसवाले माझ्यासोबत आले. नव्या पार्टीच्या बॅनरवर जुनं नाव लिहू का? गावोगावी लोक मला त्याच नावानं ओळखतात. जुने मालक म्हणतात, नाव माझं आहे. मागच्या अंकात तुम्ही क्लाइड मॅकफॅटर नावाच्या अमेरिकन गायकाचा उल्लेख केला होता, की त्यानं एकामागून एक पार्ट्या गाजवल्या. त्याचं पुढं काय झालं?
– एक गायक, परतूर (जि. जालना)

उत्तर : जय भीम, भाऊ. आधी तुमचं काम. जुनं नाव लिहू नका. स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि पार्टीला नवं नाव द्या. मालकांची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही. एकाच नावाच्या दोन पार्ट्या फिरू लागल्या की इसार देणाऱ्या मंडळाची फसगत होते, आणि जयंतीच्या स्टेजवर आपलीच माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. तुमचा गळा तुमच्याबरोबर आलेलाच आहे. दोन हंगाम गेले की नवं नावही लोकांच्या तोंडी बसेल.

आता क्लाइडबद्दल. त्याची हकीकत मला फार जवळची वाटते. पेटीवर बसून मी अशी कितीतरी भांडणं जवळून बघितली आहेत.

त्याचा जन्म 15 नोव्हेंबर 1932 चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅमचा. वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई तिथंच ऑर्गन वाजवायची. पुढं कुटुंब उत्तरेकडं आलं आणि न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात हा पोरगा माउंट लेबनन सिंगर्स या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं देवाचं गाणं गाणाऱ्या पार्टीत उभा राहू लागला. 1950 च्या सुमाराला अपोलो थिएटरमध्ये हौशी गायकांची स्पर्धा त्यानं जिंकली. बिली वॉर्ड नावाचा संगीतशिक्षक तेव्हा नवी पार्टी बांधत होता. त्यानं क्लाइडला उचललं. ती पार्टी म्हणजे डॉमिनोज.

वॉर्ड शिकलेला, कडक शिस्तीचा. पार्टीचं नाव त्याचं, हिशोब त्याच्याकडं, आणि नियम मोडला की दंड लावणाराही तोच. क्लाइडला आठवड्याला 100 डॉलर ठरलेले. त्यातून जेवण, हॉटेल आणि कर कापून जायचे. बॅनरवर वॉर्डचं नाव. कधी तर त्याची ओळख 'क्लाइड वॉर्ड' अशी करून दिली जायची, म्हणजे लोकांनी त्याला मालकाचा भाऊ समजावं. ज्याच्या आवाजासाठी लोक तिकीट काढत होते त्याला स्वतःचं आडनावसुद्धा मिळू नये, हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मुख्य गायक ती विसरतात. डॉमिनोजचं सगळ्यात गाजलेलं गाणं 1951 चं, आणि त्यात पुढं होता खर्जातला बिल ब्राउन. क्लाइड मागं साथीला. पुढच्या वर्षी 'हॅव मर्सी बेबी' आलं. त्यात क्लाइड पुढं, आणि अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूजच्या (काळ्या लोकांच्या ठेक्याच्या गाण्यांच्या) यादीत ते 10 आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. ज्याला मागं उभं राहून झील (कोरसची साथ) धरता येते तोच पुढं उभा राहिल्यावर मागच्यांना सांभाळून घेतो, असं माझं पक्कं मत आहे.

1953 मध्ये क्लाइड डॉमिनोजमधून बाहेर पडला. त्याच्या जागी जॅकी विल्सन आला, तोही पुढं फार मोठा गायक झाला. त्या सुमारास अटलांटिक रेकॉर्ड्स या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा अहमत अर्तेगुन (तुर्कस्तानच्या राजदूताचा मुलगा, या गाण्याचा अक्षरशः वेडा) डॉमिनोजचा कार्यक्रम ऐकायला गेला. बघतो तर क्लाइड नाही. चौकशी केली, तर कळलं की काढून टाकला. अर्तेगुन तिथून तडक हार्लेम गाठून क्लाइडच्या भाड्याच्या खोलीवर गेला आणि त्याच्याशी करार केला. जाणकार कान असलेला एक माणूस वेळेवर दारात आला, एवढ्यानं एका गायकाचं आयुष्य फिरलं. आपल्याकडं असा माणूस भेटला नाही म्हणून गावातच राहिलेले गळे मी ऐकले आहेत.

नव्या पार्टीचं नाव ड्रिफ्टर्स. पहिल्यांदा त्यानं माउंट लेबननचे जुने सोबती घेतले. रेकॉर्डिंग मनासारखं जमेना, तेव्हा माणसं बदलली. पण नवी माणसंही गॉस्पेलमध्येच तयार झालेली निवडली. 1953 च्याच 'मनी हनी'नं त्या यादीत 11 आठवडे पहिला नंबर धरला. आणि या वेळी क्लाइड पगारी नव्हता. पार्टीच्या नावात त्याचा अर्धा हिस्सा होता, अर्धा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलचा.

भाऊ, इथून पुढचं नीट वाचा.

1954 मध्ये क्लाइडला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. तिथून सुटल्यावर त्यानं एकट्यानं गायचं ठरवलं. ठरवणं वावगं नव्हतं, त्या वाटेनंही त्याला यश मिळालं: 1958 चं 'अ लव्हर्स क्वेश्चन' सगळ्या देशाच्या यादीत 6 व्या नंबरापर्यंत गेलं. पण जाताना त्यानं ड्रिफ्टर्समधला आपला हिस्सा ट्रेडवेलला विकून टाकला. मागं राहिलेले गायक एका दिवसात नुसते पगारी झाले. गाणं कितीही गाजो, कार्यक्रम कितीही मोठा असो, त्यांना ठरलेला पगार. गायक येत गेले, जात गेले, नाव मालकाकडं. 1958 मध्ये तर ट्रेडवेलनं अख्खी पार्टीच काढून टाकली. अपोलोचे कार्यक्रम आधीच घेऊन ठेवलेले होते, म्हणून त्यानं फाइव्ह क्राउन्स नावाची दुसरीच पार्टी उचलली आणि तिला ड्रिफ्टर्स म्हणून स्टेजवर उभं केलं. समोरच्या श्रोत्यांना काय वाटलं असेल!

त्या फाइव्ह क्राउन्समधला एक पोरगा म्हणजे बेन ई. किंग. त्यानं 1959-60 मध्ये ड्रिफ्टर्सला पुन्हा वर नेलं, पैशाचा वाजवी वाटा मागितला, मिळाला नाही, आणि तोही बाहेर पडला. 1961 चं त्याचं 'स्टँड बाय मी' तुमच्या मोबाइलवर शोधा. ते तुम्ही कुठं ना कुठं ऐकलेलं असणार.

हिस्सा विकल्याचं क्लाइडला पुढं फार वाईट वाटत राहिलं. सोबत्यांना आपण कमी पगाराच्या नोकरीत ढकलून आलो, ही जाणीव त्याला होती. 1962 मध्ये आणखी एक गाणं चाललं, मग उतार लागला. दारू वाढली. काही वर्षं इंग्लंडमध्ये राहून बघितलं, परत आला, आणि 13 जून 1972 ला वारला. वय 39. मान मिळाला तो नंतर: रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये 1987 मध्ये स्वतःच्या नावानं आणि 1988 मध्ये ड्रिफ्टर्सबरोबर. दोनदा तिथं गेलेला पहिला कलावंत तोच. 1993 मध्ये टपाल तिकीटही निघालं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. ढोलकीवाला आणि दोन कोरसवाले तुमच्या शब्दावर घरदार सांभाळत बाहेर आले आहेत. पहिली सुपारी घ्यायच्या आधी एका कागदावर लिहा: पार्टीचं नाव कुणाचं, बिदागीत कुणाचा किती वाटा, गाण्यावर पडलेल्या बक्षिसाच्या नोटा कशा वाटायच्या, गाडीभाडं आणि साउंडचं भाडं आधी वजा करायचं की नंतर. गाणं रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकलं आणि त्याचे पैसे आले तर तेही लिहा. हल्ली खरी भांडणं तिथंच सुरू होतात. आणि तुम्ही उद्या एकटे गायला लागलात तर मागच्या तिघांचं काय, ते तर सगळ्यात आधी लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या, कोरसवाल्यांच्यासुद्धा. पार्टी वाढली तर तालुक्याच्या वकिलाकडून तोच कागद पक्का करून घ्या.

प्रश्न : मास्तर, मी नांदेडला कॉलेजात आहे, भजनी मंडळातही गाते. भजनातल्या हरकती (शब्दावर फिरवलेले बारीक सूर) मी भावगीतात घेतल्या की मंडळातल्या मावश्या रागावतात. गॉस्पेल आणि सोल यांत फरक काय? तिकडंही असं रागावतात का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : रागावतात, बाळ, तिकडं तर जास्तच. गॉस्पेल म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधलं देवाचं गाणं. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, टाळ्यांचा ठेका चढत जातो आणि गाणारा शब्द धरून त्यावर सूर फिरवत राहतो. हाच सगळा साज माणसाच्या प्रेमाच्या, विरहाच्या गाण्यावर चढला आणि त्यातून पुढं सोल उभं राहिलं. ते अगदी सुरुवातीला करणाऱ्यांत क्लाइड एक. वर सांगितलेलं 'हॅव मर्सी बेबी' ऐक. दयेची याचना तीच, चर्चमधल्यासारखीच. फक्त ज्या जागी देवाचं नाव यायचं तिथं प्रेयसी आली आहे. चर्चच्या मंडळींना ते रुचलं नाही.

आपल्याकडं गंमत अशी की वाट बहुतेक उलटी असते. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवलेला तुझ्या मावश्यांनीही गायला असेल, आणि सप्त्यात तो रंगतोही. मग हरकत भजनातून भावगीतात गेली तर का अडावं? माझं म्हणणं एवढंच, की हरकत शब्दासाठी घे. क्लाइड रडवेल्या ओळीवर आवाज थरथरवतो, कारण ओळ रडवेली आहे. तू 'ये' या एका अक्षरावर आठ सूर फिरवलेस आणि गाण्यात कुणी येणारंच नसेल, तर मावश्या रागावणारच, आणि त्या वेळी मी त्यांच्या बाजूनं असेन.

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. आवाज फार उंच, काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) सहज गातो. पोरं बाईचा आवाज म्हणून चिडवतात. त्यानं गाणं बंद केलंय. काय करावं?
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : ताई किंवा दादा, जे कोणी असाल, त्याला आधी क्लाइड ऐकवा. तोही असाच उंच गायचा. त्याला आदर्श मानणाऱ्यांत स्मोकी रॉबिन्सन होता, जो पुढं मिरॅकल्स या पार्टीचा मुख्य गायक झाला, आणि त्याचाही आवाज उंच, नाजूकच. असा गळा ओरडून मिळत नाही.

1954 मध्ये ड्रिफ्टर्सनं 'व्हाइट ख्रिसमस' गायलं. त्यात आधी बिल पिंकनी अगदी खर्जात गातो आणि मग क्लाइड वरून येतो. मुलाला ते ऐकवा आणि खर्जात गाणारा एखादा मित्र शोधून द्या. दोघांना एकत्र बसू द्या.

सांभाळायचं एवढंच: रोजचा रियाज खालच्या सुरापासून सुरू करू दे, आणि जयंतीच्या दिवसांत डीजेशी स्पर्धा करत ओरडून गाऊ देऊ नका. मॉनिटरचा स्पीकर त्याच्या कानाजवळ ठेवायला साउंडवाल्याला सांगा, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईल आणि तो ताण देणार नाही. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी परभणीकडं येणं झालं तर त्याला घेऊन या. पेटी काळी चारला लावून मी वाजवीन, त्याला गाऊ द्या.