कुंडीतली अबोली पिवळी का पडते, आणि तिला बी का धरत नाही?

आधी खत घालणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीहून आणलेली अबोली पुण्यात पश्चिमेच्या बाल्कनीत आहे, पाणी बोअरचं आहे, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं, फुलं रोडावलीत आणि बी काही धरत नाही. ही दुखणी वेगवेगळी आहेत, आणि शेणखत वाढवून त्यातलं एकही जाणार नाही.

पिवळेपणा लोहाचा. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, लोहाने भरलेली. अबोलीला ती मानवते. देशावरच्या काळ्या मातीत चुना जास्त, त्यावर तुम्ही बोअरचं जड पाणी ओतताय. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरवड्याने पुन्हा. नवी पानं हिरवी येऊ लागली की निदान बरोबर समजायचं. जुनी पिवळी पानं मात्र पूर्ववत होतीलच असं नाही. पावसाळ्यात पावसाचं पाणी साठवून घालता आलं तर उत्तम.

मला खरी काळजी आहे ती मान टाकण्याची. माती कोरडी असताना झाड मलूल झालं तर पाण्याने उठतं. ओल्या मातीत मलूल झालं तर दुखणं मुळांमध्ये. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत, फार लागतात, आणि त्यांनी जखमी केलेल्या मुळांत झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी सहज शिरते. कुंडी आडवी करा, रोप मातीसकट बाहेर काढा, मुळं बादलीत धुवा. निरोगी मूळ पांढरट आणि सरळ दिसतं. सूत्रकृमी असले तर मुळालाच जागोजागी गाठी आलेल्या दिसतील, बारीक मण्यांची माळ ओवल्यासारख्या. शेंगवर्गातल्या झाडांच्या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात. या सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेलं असतं.

गाठी दिसल्या तर ते रोप वाचवत बसू नका. वरचे निरोगी शेंडे छाटून कलमं लावा, जुनी माती दुसऱ्या कुंडीत अजिबात टाकू नका. नव्या कुंडीत लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. शेजारच्या कुंडीत झेंडू लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात हे खरं, पण त्याच मातीत. शेजारच्या कुंडीतल्या झेंडूने फक्त बाल्कनी छान दिसेल.

जागाही बदला. अबोली माडा-पोफळीच्या विरळ सावलीत खुशाल फुलते. सकाळचं ऊन आणि दुपारी आडोसा, एवढंच तिला लागतं. पश्चिमेचं एप्रिलमधलं ऊन पानं करपवतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करा आणि छाटणीची घाई करू नका.

फुलं कमी येण्याचं कारण बहुधा जुने तुरे. अबोलीचा तुरा चौकोनी, हिरव्या खवल्यांचा; फुलं खालून वर उमलत जातात. शेंड्याची फुलं संपली की तो तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापून टाका. बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्यांवरच पुढचे तुरे धरतात. तुरे वाळेपर्यंत ठेवले की साध्या अबोलीची सगळी शक्ती बियांत जाते.

आणि तुमची बियांची तक्रार. फुलं मोठी, केशरी-गुलाबीसर असतील तर ती ‘दिल्ली’ नावाच्या जातीची अबोली असणार. तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरतच नाही. तिची लागवड कलमांनीच होते. साध्या गावठी अबोलीला बी भरपूर धरतं. तिची बोंडं वाळली की पाण्याचा थेंब पुरतो, टच्चकन फुटून बिया लांब उडतात. कोकणात पहिल्या पावसानंतर अंगणभर रोपं दिसतात ती यामुळेच. बी हवं असेल तर तपकिरी झालेले तुरे पावसाआधी, कोरडे असतानाच कापून कागदी पिशवीत ठेवा.

कलमासाठी फूल नसलेला, अर्धवट पिकलेला शेंडा घ्या, चार-पाच इंचांचा. खालची पानं काढा, ओलसर वाळूत खोचा, वर पारदर्शक पिशवी उपडी घाला आणि सावलीत ठेवा. जून-जुलै यासाठी सर्वांत सोयीचा.

शेवटी तुम्ही विचारलंय, एका झाडावर वळेसर (केसांत माळायचा गजरा) होईल का? नाही. किलोभर अबोलीला पंधरा हजारांच्या आसपास फुलं लागतात, यावरून एका फुलाचं वजन ओळखा. दिवसाआड फुलं खुडून ओंजळभर हवी असतील, तर पाच-सहा कुंड्या तरी ठेवाव्या लागतील. तोवर चार फुलं देवाला आणि दोन वेणीत, इतकं होईल.