अचानक हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर बॅगेत आधीच काय भरून ठेवावं?

कपड्यांच्या आधी एक कागद ठेवा, त्यावर चालू गोळ्यांची नावं, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कशाची अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशन्स आणि घरच्या दोघांचे फोन नंबर. आईला रात्री अ‍ॅडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं आणि मला "बीपीची पांढरी गोळी" एवढंच सांगता आलं, फार घाबरायला झालं होतं. मग ओळखपत्र, विम्याचे कागद, लांब वायरचा चार्जर, चष्मा, कवळी डबीसकट, आणि पुढून बटणांचा सैल शर्ट, कारण सलाईन लावलेल्या हातातून टीशर्ट निघतच नाही. दागिने घरीच. फक्त, बॅगेतल्या गोळ्या तिथे आपल्या मनाने घेऊ नका, आधी नर्सला दाखवा, नाहीतर डबल डोस होऊ शकतो.