लिअरचा विदूषक खरं बोलतो, तरी वाचतो कसा?

या वेळच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले बरेच प्रश्न शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या विदूषकाबद्दलचे आहेत. ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी: म्हातारा राजा लिअर तीन मुलींत राज्य वाटायला बसतो आणि कोणाचं माझ्यावर किती प्रेम आहे ते बोलून दाखवा म्हणतो. थोरल्या दोघी, गॉनेरिल आणि रीगन, तोंडभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, 'काही नाही.' राजा तिला बेदखल करतो, तिची बाजू घेणाऱ्या केंट या सरदाराला हद्दपार करतो आणि सगळं थोरल्या दोघींच्या हवाली करतो. पुढे त्याच दोघी त्याला दार बंद करतात. वादळात त्याच्या अंगाला अंग लावून चालतो तो त्याचा विदूषक.

केंट खरं बोलला तर त्याला हद्दपारी, कॉर्डेलिया खरं बोलली तर तिच्या वाट्याला दमडी नाही. विदूषक त्या दोघांपेक्षा कडू बोलतो. राजा त्याला का हाकलत नाही? दरबारी विदूषकाला मुभा होती एवढंच कारण का?
– एक वाचक गट, नौपाडा, ठाणे

मुभा होती, पण ती दोरी आखूड होती. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात विदूषक येतो आणि थोड्याच वेळात लिअर त्याला बजावतो, जपून, चाबूक आहे. त्यावर विदूषकाचं उत्तर असं की सत्य म्हणजे कुत्रा, त्याला फटके मारून खोपटात हाकलतात. पुढे तो म्हणतो, तुझ्या मुली मला खरं बोललो म्हणून मारणार, तू खोटं बोललो म्हणून मारणार आणि कधीकधी गप्प बसलो म्हणूनही मार बसतो. सर्वस्वी मोकळीक असलेला माणूस असं बोलणार नाही.

खरी मेख बोलण्याच्या घडणीत आहे. केंट भर दरबारात, निर्णय होत असतानाच, राजाला वेडा म्हणतो. चारचौघांत असं ऐकल्यावर राजाला माघार घ्यायला जागाच उरत नाही. विदूषक आरोप करत नाही, कोडं घालतो आणि कोड्यात राजाला गुंतवून ठेवतो. त्यासाठी पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश सावकाश वाचा. विदूषक विचारतो, माणसाचं नाक चेहऱ्याच्या मधोमध का असतं ठाऊक आहे? दोन्ही बाजूंना डोळे राहावेत म्हणून. ज्याचा वास लागत नाही ते निदान दिसावं. या फालतू वाटणाऱ्या उत्तरापाठोपाठ लिअरच्या तोंडून निघतं, 'मी तिच्यावर अन्याय केला.' कॉर्डेलियाचं नाव कोणी काढलेलं नसतं. आणि विदूषक ते वाक्य पकडत नाही, 'बघ, मी म्हणत होतो' असंही म्हणत नाही. तो लगेच विचारतो, शिंपला आपलं कवच कसं तयार करतो? मग गोगलगाईचं घर येतं: गोगलगाईला घर असतं ते डोकं आत घ्यायला, मुलींना देऊन टाकायला नव्हे. मलम लावावं आणि त्याच हाताने जखम पुन्हा दाबावी, तसा तो वागतो.

दुसरं कारण चौथ्या प्रवेशात एका ओळीत येऊन जातं आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. लिअर म्हणतो, दोन दिवस विदूषक दिसला नाही. एक सरदार सांगतो, धाकट्या बाईसाहेब फ्रान्सला गेल्यापासून तो झुरतोय. लिअर त्याला तिथेच अडवतो: पुरे, ते माझ्या लक्षात आलंय. त्या घरात कॉर्डेलियासाठी उघड झुरणारा हा एकच माणूस उरला आहे. आमच्या मते लिअर त्याचं इतकं ऐकून घेतो ते मुख्यतः याच कारणाने.

विदूषक खरोखरच मंदबुद्धीचा आहे की सोंग करतो? त्याचं वय काय धरायचं?
– एक विद्यार्थिनी, वाशी

शेक्सपिअरच्या काळात दोन्ही प्रकारचे विदूषक पदरी असत: जन्मतः अधू बुद्धीचे आणि पोटासाठी सोंग करणारे हुशार. ही भूमिका रॉबर्ट आर्मिन या नटाची मानली जाते. तो १५९९च्या सुमारास विल केंपच्या जागी शेक्सपिअरच्या नाटक कंपनीत आला. गाणारा होता, आणि विदूषकांवर त्याने स्वतः पुस्तक लिहिलं होतं. केंप धिंगाणा आणि नाच यांसाठी प्रसिद्ध, तर आर्मिनचं बळ शब्दांत. तो आल्यावर शेक्सपिअरचे विदूषक अधिक शहाणे झाले हे ढोबळपणे खरं आहे. हद्दपारीनंतर वेष पालटून परत आलेला केंटही नाटकात म्हणतो, महाराज, हा अगदीच मूर्ख नाही.

वय संहितेत सांगितलेलं नाही. लिअर त्याला 'पोरा' म्हणतो, पण ते लाडाने कोणालाही म्हणता येतं. १६८१ साली नाहम टेटने सुखान्त रूपांतर करताना विदूषकाला काढूनच टाकलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं तो रंगभूमीवर नव्हता. १८३८ साली मॅक्रेडी या नटाने त्याला परत आणलं ते प्रिसिला हॉर्टन या तरुण अभिनेत्रीला घेऊन. म्हणजे पोरसवदा, म्हातारा, स्त्री, काहीही चालतं. पण लिअरच्या वयाचा विदूषक घेतलात तर 'शहाणा होण्याआधी म्हातारा व्हायला नको होतास' ही ओळ दोन म्हाताऱ्यांमधली होते आणि तिची चव पार बदलते. निवड करताना हे ध्यानात ठेवा.

आम्ही विदूषकाचे प्रवेश घेऊन चाळीस मिनिटांचा प्रयोग बसवतोय. विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' आम्ही वाचलं, पण आम्हाला बोलीतली स्वतःची संहिता हवी आहे. 'नंकल' आणि अंड्याचा विनोद मराठीत बसत नाही. काय करावं?
– हौशी नाट्यगट, ऐरोली

आधी 'नंकल'. हे 'माइन अंकल'चं झिजलेलं रूप, विदूषक धन्याला मारतो ती लाडिक हाक. सरळ भाषांतर 'काका'. पण राजवेषातल्या माणसाला कोणी 'काका' म्हटलं की मराठी प्रेक्षकाच्या कानात नारायणराव पेशव्यांची किंकाळी वाजते आणि प्रवेश भलत्याच वाटेने जातो. 'मामा' करून बघा. हाक घरगुती आहे, आणि मुलींनी या माणसाला मामा बनवलं आहे हे दर हाकेला आपोआप ऐकू येतं. मात्र नटाने 'मामा'वर जोर देऊन टाळी मागू नये. पहिल्या तीन-चार वेळा अगदी साधी हाक मारावी. प्रेक्षकाला उशिरा कळलेलं बरं.

आता अंडं. विदूषक म्हणतो, मला एक अंडं दे, मी तुला दोन 'क्राउन' देतो. इंग्रजीत त्या शब्दात मुकुट, नाणं आणि डोक्याचा माथा असे तीन अर्थ आहेत. 'मुकुट' घेतलात तर एकच अर्थ उरतो. 'टोप' घ्या: राजाच्या डोक्यावरचा टोप, स्वयंपाकघरातला टोप आणि अंड्याच्या टरफलाचा टोपासारखा अर्धा भाग. 'मामा, एक अंडं दे, दोन टोप देतो.' 'कसले टोप?' 'अंडं मधोमध कापायचं, आतलं खाऊन टाकायचं, उरले ते दोन टोप. तूही टोप मधोमध चिरलास आणि दोन्ही तुकडे देऊन बसलास. सोन्याचा टोप दिलास तेव्हा टकलात अक्कल कमीच होती.' याच प्रवेशात थोडं आधी विदूषक आपली तुऱ्याची टोपी केंटला देऊ करतो. तिथे 'टोपी' शब्द ठेवलात तर टोप गेला आणि टोपी आली हा धागा फुकटात मिळतो. 'जिरेटोप' मात्र म्हणू नका आणि वेशभूषेतही तो आकार टाळा. तिथे दुसराच राजा उभा राहतो.

खरं अंडं वापरणार असाल तर तयारी अशी. बारा मिनिटं उकडा, लगेच गार पाण्यात टाका आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम अंड्याचं टरफल कापताना चुरतं. धारदार सुरीने मध्यावर झटक्यात काप घ्या, चमच्याने आतलं सगळं काढा, टरफलाच्या कडा बोटाने साफ करा. पिवळा बलक टाकून द्या. तो तोंडात कोरडा चिकटतो आणि पुढच्याच ओळीला नटाला ठसका लागतो. या प्रसंगात हमखास होणारा घोटाळा हाच. थोडा पांढरा भाग एका अर्ध्यात परत ठेवा, दोन्ही अर्धी जुळवा आणि सांध्यावर खळीने पातळ टिश्यू कागदाची पट्टी चिकटवा. रंगमंचावर अंगठ्याने दाबलं की अंडं त्याच रेषेवर उघडतं. प्रत्येक प्रयोगाला तीन अंडी तयार ठेवा. सुरी नटाच्या हातात देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र 'काही नाही'. पहिल्या प्रवेशात कॉर्डेलिया तो उच्चारते आणि लिअर म्हणतो, काही नाहीतून काही निघत नाही. चौथ्या प्रवेशात विदूषक विचारतो, मामा, काही नाहीचा काही उपयोग करता येईल का तुला? लिअर नकळत आपलंच जुनं वाक्य पुन्हा म्हणतो. भाषांतरात एका ठिकाणी 'काही नाही', दुसरीकडे 'शून्य', तिसरीकडे 'कशातूनच' असं झालं की सापळा मोडतो. संहितेत असे सगळे 'काही नाही' लाल पेनाने गोल करा आणि शब्द एकच ठेवा. 'शून्य' राखून ठेवा, कारण लवकरच विदूषक राजाला म्हणणार आहे, आकडा नसलेलं नुसतं शून्य झालास, माझी अवस्था तुझ्यापेक्षा बरी. तुमच्या प्रयोगात पहिला प्रवेश नसेल तर कॉर्डेलिया आणि लिअर यांची तेवढी देवाणघेवाण सुरुवातीला घ्याच. ती नसेल तर पुढचं काही लागत नाही.

तिसऱ्या अंकानंतर विदूषक गायब होतो. शेक्सपिअर त्याला विसरला का?
– एक प्राध्यापक, ठाणे पूर्व

विसरला असं वाटत नाही. शेवटचा तो तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात दिसतो. इथे छापील प्रतींचा फरक कामाचा आहे. १६०८च्या क्वार्टोत (या एकाच नाटकाच्या छोट्या आकाराच्या छापील प्रतीत) या प्रवेशात लिअर मुलींवर खोटा खटला चालवतो. विदूषक गॉनेरिलच्या जागी मांडलेल्या स्टुलाला म्हणतो, माफ करा, मला वाटलं तुम्ही स्टूल आहात. शेवटी केंट त्याला सांगतो, धन्याला उचलायला हात लाव, मागे राहू नकोस. १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित ग्रंथात) खटला नाही. तिथे लिअर म्हणतो, सकाळी जेवू, आणि विदूषक म्हणतो, मी दुपारी झोपायला जाईन. ती त्याची अखेरची ओळ. आपल्याकडच्या बहुतेक आवृत्त्यांत दोन्ही प्रतींचं मिश्रण असतं, म्हणून आपण कुठली प्रत वाचतोय हे आधी बघावं.

कॉर्डेलिया आणि विदूषक एकदाही एकत्र रंगमंचावर येत नाहीत, म्हणून दोन्ही भूमिका एकच नट करत असावा असं काही अभ्यासक म्हणतात. पण भूमिका जर आर्मिनची होती, तर तिशी ओलांडलेला तो नट कॉर्डेलिया करणं अवघड. शेवटच्या प्रवेशात लिअर म्हणतो, 'माझ्या बिचाऱ्या वेडीला फाशी दिलं.' इंग्रजीत तिथे 'फूल' आहे, जो शब्द लाडाने लेकरालाही वापरत. कॉर्डेलियाचं प्रेत त्याच्या हातात असतं, तेव्हा ती ओळ तिच्याबद्दलच आहे. पण विदूषकही त्यात ऐकू येतो. मराठीत लिंग ठरवावं लागतं आणि हा दुहेरीपणा जातो. 'माझं बिचारं वेडं' असं नपुंसकलिंगी करून पाहा. आपण लेकराबद्दल असंच बोलतो.

आणि त्याचं काम संपलेलं असतं. चौथ्या अंकात ग्लॉस्टर या आंधळ्या झालेल्या सरदारापुढे लिअर स्वतःच विदूषकासारखा बोलतो: अधिकारावर बसलेल्या कुत्र्याचीही आज्ञा पाळली जाते, आणि आपण जन्मतो तेव्हा रडतो, कारण मूर्खांच्या या रंगमंचावर आलो म्हणून.

'नटसम्राट' लिअरवरून सुचलेलं म्हणतात. मग तिथे विदूषक का नाही?
– एक ज्येष्ठ वाचक, नेरूळ

शिरवाडकरांचे बेलवलकर (१९७०) मुळात नट आहेत. स्वतःकडे बाहेरून पाहण्याची सवय त्यांना धंद्यानेच लागलेली. लिअरला ती नाही, म्हणून त्याला दुसरा माणूस लागतो.

आमचा विदूषक करणारा मुलगा लोकनाट्यातला आहे, वगात सोंगाड्या करतो. तो उत्तम हसवतो, पण वादळाच्या प्रवेशात सगळं सपाट होतं. चूक कुठे होतेय?
– एक दिग्दर्शक, कळवा

सोंगाड्या बोलतो समोरच्या पात्राशी, पण त्याचा अर्धा कान कायम प्रेक्षकांत असतो, आणि वगात ते बरोबरच आहे. लिअरचा विदूषक एकाच माणसासाठी बोलतो. त्याला सांगा, प्रेक्षकांकडे तोंड करायचं ते दोनच ठिकाणी: पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशाच्या शेवटी, आणि फोलिओत तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी तो एकटा उरतो तेव्हा. बाकी सगळा वेळ नजर लिअरच्या चेहऱ्यावर. अंतर हातभर, उजवा-डावा खांदा सारखा बदलू नये.

वादळाचा आवाजही तपासा. बहुतेक प्रयोगांत मेघगर्जना एकाच पातळीवर वाजत राहते. लिअर तिच्यावर ओरडू शकतो, पण विदूषकाच्या ओळी छोट्या आणि बोलीतल्या आहेत. त्या बुडतात आणि नट आवाज चढवतो. मग विनवणी जाऊन नुसता कलकलाट उरतो. लिअरचं वाक्य संपलं की गडगडाट खाली, फक्त पाऊस चालू, विदूषकाची ओळ, मग पुन्हा गडगडाट, असे इशारे ध्वनी सांभाळणाऱ्याच्या संहितेत ओळीच्या शेवटच्या शब्दावर लिहून द्या. शिवाय या प्रवेशात त्याने हसवू नये. त्याला थंडी वाजतेय, आणि तो राजाला विनवतोय की मुलींकडे आसरा माग.

सगळ्यांत जास्त तालीम एका हालचालीची करा. लिअर थांबतो आणि विचारतो, पोरा, थंडी वाजतेय का? मलाही वाजतेय. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात झोपडीच्या दाराशी तो विदूषकाला म्हणतो, आत चल, तू आधी जा. नाटकाच्या पहिल्या प्रवेशात ज्याच्यापुढे सगळा दरबार वाकला होता तो माणूस दारातून बाजूला होतो. तुमच्या मुलाने तिथे लगेच आत शिरू नये. एक श्वास थांबावं, राजाकडे बघावं, मग मान खाली घालून जावं. त्या क्षणी पाऊसही बंद असू द्या.