जन्मदेशाचा कोटा आणि ग्रीन कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी देशानुसार जागा वाटणाऱ्या जुन्या स्थलांतर कायद्यात आयरिश लोकांना भरपूर जागा होत्या. मग १९८० च्या दशकात तेच अन्यायाची तक्रार का करू लागले?

उत्तर : १९२४ चा कायदा वंशभेदीच होता. १९२९ च्या वाटपात आयरिश फ्री स्टेटला (आजचं आयर्लंड प्रजासत्ताक) वर्षाला १७,८५३ जागा मिळाल्या. भारतीयांना दार बंद, आणि १९४६ मध्ये ते उघडलं तेही वर्षाला १०० जणांपुरतं. १९६५ च्या कायद्यानं ही वाटणी मोडली, फार चांगलं झालं. मात्र नव्या पद्धतीत बहुतेक जागा जवळच्या नात्यावर मिळू लागल्या. आयरिश स्थलांतर जुनं; पणजोबा तिकडे गेले होते, हे सांगून काही मिळत नाही, सख्खा भाऊ किंवा मुलगा तिथे लागतो. १९८० च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी वाढली, तेव्हा अनेक तरुण पर्यटक व्हिसावर बॉस्टन-न्यूयॉर्कला गेले आणि मुदत संपल्यावरही तिथेच राहिले.

प्रश्न : त्यांच्यासाठी वेगळे व्हिसा काढले, हा पक्षपात नव्हे?

उत्तर : माझ्या मते होताच. १९९० च्या कायद्यानं तीन वर्षं दरवर्षी ४०,००० व्हिसा ठेवले आणि त्यातले किमान ४० टक्के आयरिश लोकांना राखून दिले. त्या तरुणांची अडचण खरी होती, पण एका देशाला खास वाटा देऊन बाकीच्यांची तीच अडचण तशीच राहिली. ज्यांचा खासदार वजनदार त्यांचं काम होतं, हा काही न्याय नाही.

प्रश्न : माझा नवरा पुण्याचा, न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज मंजूर, तरी वर्षानुवर्षं रांगेत. त्याच्या आयरिश सहकाऱ्याला मात्र लवकर मिळालं. असं का?

उत्तर : नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं असतात आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. आइसलंडला तीच, भारतालाही तीच. कागदावर समान वाटतं. प्रत्यक्षात भारतातले अर्जदार खूप, म्हणून आपली रांग लांब, आणि एकाच कामाचे, एकाच पगाराचे दोघे जन्मगावावरून वेगळे ठरतात. मला सर्वांत जास्त काळजी मुलांची वाटते. आईवडील रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं, की वयाच्या हिशेबात कायदा थोडी सवलत देतो. ती पुरली नाही तर ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं.

प्रश्न : माझा जन्म मस्कतचा, पासपोर्ट भारतीय. काही फायदा?

उत्तर : हो. पासपोर्ट नाही, जन्मदेश धरतात. तुमच्यासोबत अर्ज करणारा नवराही तुमच्या कोट्यात मोजला जाऊ शकतो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

प्रश्न : ७ टक्के काढून टाकले की प्रश्न सुटेल?

उत्तर : अर्धाच. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात असं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटनं वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ न बसल्यानं कायदा झालाच नाही. शिवाय एकूण जागा तेवढ्याच ठेवल्या तर आपली रांग आखडेल आणि इतर देशांच्या लोकांची लांबेल. आज बायकामुलंही त्याच १,४०,००० मध्ये धरली जातात. त्यांना बाहेर काढून फक्त नोकरदार मोजले, तर कुणाचंही न हिरावता बऱ्याच जागा मोकळ्या होतील. मर्यादा काढणं आणि ही मोजणी बदलणं, दोन्ही एकाच विधेयकात यायला हवं.